रिमोल्डिंगच्या चेंबरमध्ये उबदार गमबूट: अस्तराच्या रबरी बुटाच्या प्रयोगाच्या नोंदी

९ ऑक्टोबर

धुळ्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गालगत आमचे टायर रिमोल्डिंगचे, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवण्याचे, छोटे युनिट आहे. ट्रकमालक स्वस्त रेडियल टायर नवेच घेऊ लागल्यापासून आमचा क्युअरिंग चेंबर, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन रबर पकवण्याची बंद टाकी, आठवड्यातून जेमतेम दोन दिवस चालतो. दुसरीकडे, रब्बीत शेतीपंपाची थ्री-फेज वीज आठवड्याआड रात्री येते आणि गहू-हरभऱ्याला पाणी भरणारा माणूस थंडीत चार-पाच तास घोटाभर गार पाण्यात उभा असतो. बाजारातील पीव्हीसीचा गमबूट पाणी अडवतो, पण त्याला अस्तर नसते, थंडीत तो कडक होतो आणि बाभळीचा काटा त्याच्या तळातून सरळ आत येतो. नैसर्गिक रबराचा, आतून उबदार अस्तराचा आणि गुडघ्याखाली संपणारा बूट आपल्याच चेंबरमध्ये करता येतो का, हे पाहायचे ठरवले आहे. ज्यांच्याकडे असाच रिकामा चेंबर पडून आहे, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

हाताशी काय आहे ते आधी लिहितो. ६ किलो दाब (दर चौरस सेंटीमीटरला) आणि ११५ अंशांपर्यंत जाणारा विजेवरचा चेंबर, कॉम्प्रेसर, घासून उतरवायचे बफिंग मशीन, सांधे दाबायचा स्टिचर रोलर, थर जोडायचे मऊ कच्चे रबर म्हणजे कुशन गम आणि रबराचा पातळ गोंद म्हणजे सोल्युशन आहे. रबर मिसळायची मिक्सिंग मिल नाही, बूट ज्यावर बांधतात ते पायाच्या आकाराचे फर्मे नाहीत आणि बूट बनवण्याचा अनुभव शून्य आहे.

१४ ऑक्टोबर

सुताराकडून सागवानी फर्म्याची एक जोडी करून घेतली. त्यावर रबर चढवण्याआधी एकदा रिकामीच चेंबरमध्ये ठेवून पाहावी, एवढे सुचले हे नशीब. ११० अंशांवर तासाभरात एका फर्म्याला टाचेपासून चवड्यापर्यंत चीर गेली. १,८०० रुपये आणि पाच दिवस गेले. आता ॲल्युमिनियमचे फर्मे ओतून घ्यायचे आहेत.

३ नोव्हेंबर

दिवाळीत फाउंड्री सहा दिवस बंद राहिल्याने फर्मे आज मिळाले. त्यांत माझी एक चूक निघाली. ॲल्युमिनियम निवताना साधारण सव्वा ते दीड टक्का आटते, हे लक्षात न घेता मी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, नेमक्या मापाचा दिला होता. २८० मिलिमीटरच्या पायात त्यामुळे सुमारे पावणेचार मिलिमीटरचा फरक पडला आणि ८ नंबरचा फर्मा जवळजवळ साडेसातचा झाला. ओतकाम करणाऱ्याला विचारले असते तर त्याने एका वाक्यात सांगितले असते. पॅटर्नचे ६,५०० रुपये लागले आणि फर्म्याच्या जोडीला २,८०० पडले. फर्मे भरीव आहेत, एकेक आठ किलोचा. भरीव फर्मा जास्त टिकेल असा माझा हिशेब होता. तो किती चुकीचा होता हे पुढे येईल.

१० नोव्हेंबर

मिल नसल्याने रबराचे कंपाउंड बाहेरून मिसळून आणले. आरएसएस-४ प्रतीचे (धुरावर वाळवलेल्या शीटचे) नैसर्गिक रबर १०० भाग धरून झिंक ऑक्साइड ५, स्टिअरिक ॲसिड २, कार्बन ब्लॅक ३०, चायना क्ले ३०, तेल ५, अँटिऑक्सिडंट दीड आणि गंधक अडीच भाग असे प्रमाण दिले होते. आमचा चेंबर ११५ अंशांच्या वर जात नसल्यामुळे कमी उष्णतेत पकणारा, म्हणजे चपळ ॲक्सिलरेटर (रबर लवकर पकवणारे रसायन) घालायला सांगितला. कमीत कमी ५० किलो घ्यावे लागले आणि दर किलोला २४० रुपये पडला.

हा चपळपणाच मला नडला. ऑक्टोबरच्या उन्हात हे शीट पत्र्याच्या शेडमध्ये एकोणीस दिवस पडून होते. आज गुंडाळी उघडली तेव्हा बाहेरचे वेढे ताणताच चिरू लागले आणि एकमेकांना चिकटेनात. माल खराब झाला आहे की केवळ सुकला आहे, हे ओळखण्याची सोपी युक्ती आमच्या बफिंगवाल्या अण्णांनी दाखवली. बोटाएवढा तुकडा सॉल्व्हंटमध्ये रात्रभर ठेवायचा. कच्चे रबर विरघळून त्याची खळ होते, तर अर्धवट पकलेले फक्त फुगते आणि आकार सोडत नाही. आमचा तुकडा फुगला. १८ किलो माल, म्हणजे ४,३२० रुपये, वाया गेले. यापुढे भाव थोडा चढा लागला तरी १५-१५ किलो आणणार, घरातल्या जिन्याखालच्या गार खोलीत ठेवणार आणि दहा दिवसांत संपवणार.

१८ नोव्हेंबर

पहिली जोडी आज चेंबरमधून बाहेर आली आणि फर्म्यावरून निघालीच नाही.

बांधणी अशी केली होती. आधी फर्म्यावर जाड सुती फ्लॅनेलचे अस्तर शिवून चढवले. त्यावर सोल्युशनचे दोन हात दिले आणि प्रत्येक हात पूर्ण सुकू दिला. बोटाची मागची बाजू लावल्यावर चिकटते पण ओले लागत नाही, ही सुकल्याची खूण आहे. मग चवडा आणि टाच यांवर दीड मिलिमीटर शीटचे जादा तुकडे, वरून पायाचा भाग आणि नळी, त्यांच्या सांध्यांवर पट्टी, आणि शेवटी तळ. प्रत्येक सांध्यावर स्टिचर फिरवला. पहिल्या जोडीला साडेसहा तास लागले.

क्युअर झाल्यावर बूट ओढायला गेलो, तर तो घोट्यापाशी अडला. बुटाच्या आतून टाचेचा फुगवटा घोट्याच्या अरुंद भागातून बाहेर यायचा असतो. रबर तेवढे ताणते, पण आडव्या-उभ्या धाग्यांचे विणलेले कापड अजिबात ताणत नाही. आम्ही तिघांनी ओढले, साबणाचे पाणी ओतले आणि शेवटी नळी मागून चिरून बूट काढला.

आग्रा रोडवर चपला-बूट शिवणाऱ्या काकांना तो चिरलेला बूट दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, “साहेब, बनियन घालता ना तुम्ही? मग बुटाला सदरा का शिवला?”

२१ नोव्हेंबर

काकांच्या सांगण्यावरून अस्तर बदलले. बनियनच्या विणीचे जाड होजिअरी कापड, आतून लव उठवलेले, नळीसारखे शिवून मोज्यासारखे फर्म्यावर चढवले. घोट्यापाशी फर्माही बफिंगला लावून टाचेचा फुगवटा थोडा उतरवला. बूट काढताना अस्तर आणि फर्मा यांच्यामध्ये कॉम्प्रेसरची बारीक नळी घालून हवा सोडली, तेव्हा बूट फुग्यासारखा सुटला आणि एका माणसाने काढला. फर्म्याच्या पोटरीवरून तळापर्यंत हवा जायला एक उभी खाच हवी, ती कानसीने पाडून घेतली.

२७ नोव्हेंबर

तीन जोड्या एकदम लावल्या. सहापैकी पाच बुटांवर फोड आले, त्यांत दोन अंड्याएवढे होते आणि बहुतेक पायाच्या वरच्या बाजूला. यावर मी आठवडाभर अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला संशय सोल्युशनवर गेला. सुकायला वीस मिनिटांऐवजी पाऊण तास दिला. फोड कमी झाले, थांबले नाहीत. दुसरा संशय शीटखाली अडकलेल्या हवेवर होता, म्हणून रोलर मधून कडेकडे फिरवायची शिस्त लावली आणि शंका येईल तिथे सुईने टोचले. तरीही तीन बुटांवर फोड आले. शेवटी एक फोड कापून पाहिला, तर रबराच्या आतल्या बाजूला कापडाची वीण नीट उमटली होती. म्हणजे रबर आधी कापडाला चांगले चिकटले होते आणि नंतर कापडातून आलेल्या कशाने तरी ते उचलले गेले. ते दुसरे काही नसून ओल होती. सुती कापड कोरडे दिसत असले तरी हवेतली ओल धरून ठेवते. आमच्याकडे नोव्हेंबरच्या पहाटे बऱ्यापैकी दव पडते आणि बांधलेले बूट आम्ही रात्रभर उघड्या शेडमध्ये ठेवत होतो. चेंबर शंभर अंशांवर गेला की त्या ओलीची वाफ होते आणि कच्चे, मऊ रबर तिला अडवू शकत नाही.

त्यात आमच्या सवयीनेही घात केला. टायरला बाहेरून एन्व्हलप, म्हणजे रबरी आवरण, असते, त्यामुळे आम्ही चेंबर आधी तापवतो आणि दाब नंतर हळूहळू वाढवतो. बुटाला एन्व्हलप नाही, त्याला धरून ठेवणारा दाब हवेचाच. म्हणून आता बांधलेले बूट रात्रभर ५५ अंशांच्या गरम खोलीत ठेवतो, तिथून थेट चेंबरमध्ये घालतो, आधी दाब पूर्ण चढवतो आणि मगच हीटर लावतो. क्युअर झाल्यावर हीटर बंद करून चेंबर ७० अंशांवर उतरेपर्यंत दाब सोडत नाही. आज अशा चार जोड्या काढल्या, त्यांवर एकही फोड नाही.

१ डिसेंबर

फोड गेल्याचा आनंद एक दिवस टिकला. बूट दोन्ही अंगठ्यांनी ताणला की अस्तरालगतचे रबर कच्चे राहिल्यासारखे वाटत होते. नखाचा वण तसाच राहत होता. बाहेरून मात्र ते उत्तम पकले होते. भरीव फर्म्याला तळातून भोक पाडून आत थर्मोकपलची, म्हणजे उष्णता मोजणारी, तार बसवली आणि चेंबर चालवला. चेंबरच्या काट्यावर ११२ अंश दिसल्यानंतर फर्म्याच्या पृष्ठभागापर्यंत तेवढी उष्णता पोहोचायला पन्नास मिनिटे लागली. मी घड्याळ लावत होतो चेंबरच्या काट्यावर, आणि आठ किलोचा ॲल्युमिनियमचा गोळा तोवर रबराची उष्णता पीत बसला होता.

फर्मे पुन्हा ओतायला दिले, या वेळी पोकळ, भिंत आठ मिलिमीटर आणि आकुंचनाचे माप धरून. जुने मोडीत घातल्याने निम्मे पैसे सुटले. तोपर्यंत भरीव फर्म्यावरच वेळ वाढवून काम चालवले.

६ डिसेंबर

वेळ वाढवल्यावर वेगळाच दोष उमटला. बुटाचा पृष्ठभाग चिकट झाला, बोट लावले की ठसा पडत होता. हे कच्चेपण नव्हते, उलट होते. ६ किलो दाबाच्या हवेत प्राणवायू नेहमीच्या हवेच्या कितीतरी पट दाटीने रबराला भिडतो आणि तेवढ्या उष्णतेत जास्त वेळ राहिले की रबराची वरची साय सडते. टायरच्या कामात एन्व्हलप आड येत असल्यामुळे हे आम्हाला कधी दिसलेच नव्हते.

दाब ६ वरून ३ किलोवर आणला. फोड दाबून ठेवायला तेवढा पुरतो. शिवाय जुन्या कारखान्यांमध्ये क्युअर करण्यापूर्वी रबरी बुटांना जवसाच्या तेलाचे व्हार्निश लावत, ते फक्त चमकेसाठी असावे असे मला वाटत होते. आता एक हात लावून पाहिला. चमक आली, आणि चिकटपणाही गेला. पोकळ फर्मे आल्यावर क्युअरचा वेळही सव्वा तासावर आला.

१० डिसेंबर

पाण्याची परीक्षा. बुटाच्या तोंडात लाकडी बूच बसवले, त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी आवळली, व्हॉल्व्हमधून जेमतेम हवा भरली आणि पंक्चरच्या टाकीत बूट बुडवला. दाब किती ठेवायचा हे सांगतो, कारण पहिल्या बुटात मी घाईने अर्धा किलो दिला आणि बूच छताला लागले. किलोच्या दहाव्या भागाएवढा दाब पुरतो.

आठ बुटांपैकी पाच गळके निघाले आणि सगळ्यांचे बुडबुडे एकाच जागेतून, टाचेमागे जिथे नळीचा सांधा आणि तळाची कड एकमेकांवर येतात तिथून, येत होते. कारणे दोन सापडली. शीट एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यावर शंखजिरे भुरभुरलेले असते. आम्ही ते शीटच्या पृष्ठभागावरून पुसत होतो, कापलेल्या कडेवरून नाही. दुसरे, कड सरळ कापलेली असल्याने वरच्या थराखाली एक बारीक पायरी राहत होती आणि त्या पायरीलगत हवेचा बोगदा तयार होत होता. टायरच्या कामात आम्ही सांधा नेहमी तिरपा कापतो. बुटात ते विसरलो, याला माफी नाही. आता सुरी तिरपी धरून कापतो, कड सॉल्व्हंटने पुसतो आणि तीन थर एकत्र येतात तिथे कुशन गमची नखाएवढी टिकली बसवतो. पुढच्या दहा बुटांपैकी एक गळला, तोही अस्तराची गाठ वर आल्यामुळे.

१७ डिसेंबर

इतके दिवस बूट पाणी अडवणारा करण्यात गेले; उबेकडे आज आलो. बांधताना तळाच्या आत पाच मिलिमीटर ईव्हीए (चपलांच्या तळाचा हलका फोम) शीट घालून पाहिले. चेंबरमधून ते पापडासारखे बाहेर आले, एक मिलिमीटरही उरले नाही. ईव्हीए एवढ्या उष्णतेला टिकत नाही, हे एक तुकडा आधी गरम पाण्यात उकळून पाहिला असता तर कळले असते. ऊब देणारा कोणताही फोम क्युअरनंतरच बसवायचा, हा धडा पक्का केला.

मग मेंढपाळांकडून घेतलेली जुनी घोंगडी आणि बाजारातला लोकरीचा नमदा (लोकर दाबून केलेला जाड थर), दोन्ही तळव्याच्या आकारात कापून घातले. मोजमाप साधेच केले: प्लॅस्टिकच्या पिशवीत ४५ अंशांचे एक लिटर पाणी बुटात ठेवून बूट बर्फ घातलेल्या पाण्याच्या घमेल्यात उभा केला. अर्ध्या तासाने बाजारच्या पीव्हीसी बुटातले पाणी २९ अंशांवर आले होते, आमच्या नुसत्या होजिअरी अस्तराच्या बुटात ३३ वर आणि आठ मिलिमीटर नमदा तळाला घातल्यावर ३६ वर. पायाची बरीच ऊब ओल्या मातीत तळातूनच जाते, आणि अंगाचा पूर्ण भार पडून तिथलेच अस्तर सर्वांत जास्त दबते. म्हणून नळीत जाड अस्तर घालायचा विचार सोडून दिला. सगळी जाडी तळव्याला दिली. घोंगडी खरखरीत असली तरी दबली कमी, पण आठवड्यात तिचे केस मोज्यातून टोचू लागले. नमदाच ठेवला.

२५ डिसेंबर

शिरपूर तालुक्यात तापीकाठी चुलतभावाचे शेत आहे. तिथल्या सालदाराने दोन रात्री हे बूट घालून गव्हाला पाणी भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पहिला शेरा असा होता: “पाय गरम ऱ्हातस, पन बूट काढाले दोन मानसं लागतस.”

त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या शेडमध्ये बसून मला कधी सुचल्या नसत्या. आमच्या तळाला टायरच्या ट्रेडची बारीक, दाट नक्षी होती. काळ्या मातीत ती दहा पावलांत भरून गेली आणि प्रत्येक पायाला किलोभर चिखल लटकला. दुसरे, त्याच्या पायाचा चवडा रुंद आहे, कारण तो आयुष्यभर अनवाणी किंवा चपलेत फिरला आहे, आणि आमचा फर्मा बाजारातल्या बुटावरून काढलेला आहे. अंगठ्याजवळ त्याला घट्टा आला होता. त्याच्या आणि भावाच्या अशा चार पायांचे प्लास्टरचे ठसे घेऊन परतलो.

हे लिहिताना आठवले की हायरम हचिन्सनने १८५३ मध्ये फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला तेव्हा त्याचे गिऱ्हाईक लाकडी जोडे घालून ओल्या शेतात राबणारे शेतकरीच होते. त्यांच्या पायाचे माप त्याने कसे घेतले असेल, हे कळायला हवे होते.

४ जानेवारी

नव्या तळाची नक्षी कमी आणि लांब-लांब खाचांची केली, खाचांच्या भिंती तिरप्या ठेवल्या, म्हणजे पाऊल उचलताना माती आपोआप सुटते. तळाची जाडी १० वरून ६ मिलिमीटर केल्याने जोडी ३.३ किलोवरून २.५ किलोवर आली. चवड्यापाशी फर्म्याला ॲल्युमिनियमचे भराव वेल्डिंग करून रुंदी वाढवली.

सालदाराच्या पायांना चिखल्या झाल्या. बुटात पाणी शिरले नव्हते. घाम शिरला होता. रबरातून हवा जात नाही, नमदा घामाने ओला होतो आणि तळाला चिकटवलेला असल्यामुळे बूट दोन दिवस उन्हात ठेवूनही आतून सुकत नाही. नमदा चिकटवणे बंद केले. आता तो सुटा असतो, प्रत्येक जोडीबरोबर दोन संच देतो, एक घातला की दुसरा वाळत घालायचा. चिकटवलेला नमदा जास्त गरम होता हे खरे, पण ओला नमदा कोणालाच गरम ठेवत नाही.

बूट काढण्यासाठी टाचेमागे रबराची एक कड बाहेर ठेवली. दुसऱ्या पायाने ती दाबून बूट काढता येतो. सालदाराने एकट्याने काढून दाखवला.

१५ जानेवारी

नोव्हेंबरात केलेल्या बुटांवर पांढरी भुकटी आली. भावाने फोन करून बुरशी आल्याचे सांगितले. ती बुरशी नव्हे, रबरात न मुरलेले गंधक पृष्ठभागावर येते. बुटाला त्याने काही होत नाही, परंतु गिऱ्हाइकाला ते पटवण्यात आयुष्य जाईल. नव्या मिश्रणात गंधक अडीचवरून पावणेदोन भागांवर आणून ॲक्सिलरेटर थोडा वाढवला. अजून भुकटी दिसलेली नाही, पण दोन महिने झाल्याशिवाय खात्री देता येणार नाही.

एक चुक होता होता टळली, तीही इथे लिहून ठेवतो. अस्तरासाठी स्वस्तात मिळालेले गडद रंगाचे कापड घ्यायचा विचार होता. काही रंगांत तांब्याचा अंश असतो आणि तांबे नैसर्गिक रबराचे विष आहे. त्याने रबर काही महिन्यांत मऊ होऊन सडते. न रंगवलेले पांढरेच कापड घेतले.

२७ जानेवारी

खर्चाचा हिशेब मांडला. एका जोडीला १.७ किलो कंपाउंडचे ४०८ रुपये, होजिअरी कापड ७०, सोल्युशन आणि कुशन गम ९५, तळ १३०, नमद्याचे दोन संच ६० आणि वीज ९०, असे ८५३ रुपये होतात. हे चेंबरमध्ये बारा जोड्या एकदम लावल्या तरच. चार लावल्या तर वीज तिप्पट पडते. बांधायला आता सव्वादोन तास लागतात, त्याची मजुरी २५० धरली आहे. फर्मे, वाया गेलेले रबर, चिरलेले आणि फोड आलेले बूट या सगळ्यांत आतापर्यंत सुमारे ४१,००० रुपये गेले, ते यात धरलेले नाहीत. पीव्हीसीचा साधा गमबूट याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो.

६ फेब्रुवारी

बारा जोड्या दिल्या: सात शिरपूरकडे आणि पाच रावेरच्या केळीवाल्यांना. किंमत १,३०० सांगितली; सात जणांनी ती दिली, तिघांनी हंगामानंतर देतो म्हटले, दोघांनी बूट पाहून परत केले, कारण त्यांना १० नंबर हवा होता आणि आमच्याकडे फर्मे ७ आणि ८ चेच आहेत. थंडी उतरू लागली आहे. १० नंबरच्या पॅटर्नचे माप आज फाउंड्रीला दिले, आकुंचन धरून, आणि चवड्याची रुंदी सालदाराच्या ठशावरून.